टाइमशेअरची खोली फुकट नसते

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातल्या घराघरांत गोव्याचा नाहीतर महाबळेश्वरचा बेत शिजायला लागतो. त्यात कुणा एकाकडे टाइमशेअर, म्हणजे क्लबला एकदा पैसे भरून रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहायचा हक्क, असला की बाकीचे सहज म्हणून जातात, "राहायचं काय, दादाचं हायच की!" घोळ तिथंच सुरू होतो. दादाचं आहे हे खरं, पण दादाला ते दरवर्षी विकत पडतं. मेंबरशिप घेताना भरलेले लाखभर-चार लाख वेगळे. शिवाय वार्षिक मेंटेनन्स, तो गेलात तरी भरायचा, नाही गेलात तरी भरायचा. वर १८ टक्के जीएसटी.

मग पाहुण्यांकडून घ्यायचे किती? माझ्या मते फक्त मेंटेनन्स वाटून घ्यावा, मेंबरशिपची मूळ किंमत नको. पंचवीस-पंचवीस वर्षांचा करार दादानं स्वतःसाठी केलाय, पुढच्या सगळ्या सुट्ट्यांचा हक्क त्याचाच राहणार आहे. पाहुण्यांना मिळतात तीन रात्री. आणि वेबसाइटवर त्या खोलीचा जो भाव दिसतो तो तर अजिबात धरू नका. दादाला ती त्या भावानं पडलेली नाही, आणि घरच्या माणसांवर नफा काढायचा नसतो.

हिशेब असा. समजा मेंटेनन्स २०,००० रुपये. जीएसटी ३,६०० धरून २३,६०० झाले. वर्षाला ७ रात्री मिळत असतील तर एक रात्र पडली सुमारे ३,३७१ रुपयांना, तीन रात्री १०,११४. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपली पावती काढून बसा. पॉइंटवाली मेंबरशिप असेल, म्हणजे रात्रींऐवजी वर्षाला पॉइंट मिळत असतील, तर मात्र रात्री मोजू नका. सुट्टीच्या हंगामात तीच खोली जास्त पॉइंट खाते, म्हणून मेंटेनन्सला वर्षाच्या पॉइंटनी भागा आणि खर्च झालेल्या पॉइंटनी गुणा.

आता वाटणी. बहुतेक जण "तीन घरं, तीन वाटे" करून मोकळे होतात आणि हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपलेलं घर तीन दिवस धुसफुसत राहतं. साहजिक आहे. त्यांच्या डोक्याशी रात्री बारापर्यंत टीव्ही चालतो, सकाळी सहाला कुणीतरी चहाची किटली लावतं, आणि बाथरूमला जायचं तर दुसऱ्याच्या बेडरूमचं दार वाजवावं लागतं. म्हणून वाटा माणशी किंवा घरटी नको, जागेवर लावा. मोठ्या बेडरूमला ४ वाटे, लहान बेडरूमला ३, हॉलला २, असे एकूण ९. वरच्या १०,११४ ला ९ नं भागून वाटा गोळाबेरीज १,१२५ चा धरला तर ४,५००, ३,३७५ आणि २,२५० रुपये. मेंबर असलेल्या दादानंही आपल्या खोलीचे वाटे भरायचे, फक्त खोली निवडायचा पहिला मान त्याचा. आजी-आजोबा असतील तर त्यांना बाथरूम लागून असलेली खोली कुणी न मागता द्यावी, आणि त्या खोलीचे पैसे मुलांनी आपसात वाटून घ्यावेत.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे दाजी. जावयाकडं पैसे मागायचे कसे, आणि बहीण माहेरच्या माणसांबरोबर निघालीय तिला हिशेब दाखवायचा कसा? नसतील घ्यायचे तर नका घेऊ, पण मग तो भावाचा आहेर झाला, तो भावानंच भरायचा. दाजींचा वाटा गुपचूप काकांच्या आणि मावशीच्या वाट्यात मिसळला की वर्षभर बोलणं होतं.

आयत्या वेळी कुणी गळालं तर? हॉटेलात पैसे बुडतात, इथं बऱ्याचदा दादाच्या रात्री बुडतात. क्लबची रद्द करायची शेवटची तारीख बघा आणि ती व्हॉट्सॲपवर आधीच टाका. त्या तारखेनंतर गळालेल्यानं आपला वाटा द्यायचा, बदली माणूस आणला तर सुटला. बुकिंगआधी खोलीची माणशी मर्यादाही विचारून घ्या, दोन पोरं जास्त निघाली तर जादा गादीचे पैसे लागतात किंवा प्रवेशच अडतो. मोठ्या माणसांची ओळखपत्रं सोबत हवीतच. मेंबर स्वतः येणार नसेल तर काही क्लब वेगळं शुल्क घेतात, ते जाणाऱ्यांनी भरायचं.

खरा भडका उडतो निघायच्या सकाळी. सामान गाडीत चढलेलं असतं, पोरं हॉर्न वाजवत असतात आणि काउंटरवर दादाच्या नावावर लांबलचक बिल येतं. तीन वेळा कोल्ड्रिंक, दोन प्लेट फ्राइज, कुणाचा तरी मसाज, सगळं "रूमवर टाका" म्हणून सही केलेलं. सही कुणाची ते वाचता येत नाही. उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगा की रूमवर काही टाकायचं नाही, ज्यानं मागवलं त्यानं तिथंच यूपीआय करायचं. ते जमत नसेल तर रोज रात्री बिलाची प्रत मागून घ्या आणि पेनानं समोर नावं लिहा.

जेवणाची वही खोलीच्या हिशेबात कधीच मिसळू नका. मटण-मासे खाणाऱ्यांचं बिल शाकाहारी काकूंच्या माथी का? किचन असेल तर स्वयंपाक करू देतात का ते आधी विचारा. देत असतील तर तांदूळ, पीठ, कांदा-लसूण चटणी इथूनच न्या, आणणाऱ्यानं बिलाचा फोटो ग्रुपवर टाकावा. पेट्रोल-टोल गाडीगणिक, त्याच गाडीतल्यांनी.

आणि "आम्ही पैसे नाही देत, एक दिवस सगळ्यांना जेवायला घालतो" असं कुणी म्हणालं तर आनंदानं हो म्हणा, पण त्या जेवणाचं बिल वाट्याएवढं झालं का ते त्याच रात्री वहीत लिहा. पैसे निघायच्या आठ दिवस आधी जमा झालेले असावेत, भिशीसारखे, एकाच खात्यात.