हवेचा पाइप

बेसिन निवडायला घरातले सगळे उत्साहाने आले होते. आकार आईने ठरवला, रंग कन्येने, नळ बायकोने. त्या बेसिनमधलं पाणी पुढे कुठे जाणार, हे खातं मात्र बिनविरोध माझ्याकडे आलं.

बेसिन बाथरूममधून पॅसेजमध्ये न्यायचं होतं. तिथून डक्टमधला उभा पाइप दीड मीटरवर. मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार, म्हणजे एकूण पावणेचार. आलेखाच्या कागदावर ही रेघ फार देखणी दिसली. भिंतीत मात्र तिच्या वाटेत कॉलम निघाला. तो फोडायचा नसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. फरशीखालून जावं, तर खालच्या काकांनी नुकतंच पीओपी केलेलं. राहता राहिले दोन एल्बो घालून वळसा. कन्येचे लांब केस त्या वळणांवर मुक्कामाला थांबणार, हे तेव्हाच दिसत होतं.

प्लंबरनी माझा नकाशा उलटा धरून शांतपणे पाहिला. म्हणाले, "साहेब, पाइपाला वाचता येत नाही."

बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. वाकड्या पाइपाची ही युक्ती असलेल्या शौचकूपाचं पेटंट लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने 1775 साली घेतलं. हा गृहस्थ घड्याळजी होता. त्यानंतर प्लंबिंगचा आणि घड्याळाचा काही संबंध राहिला नसावा. आमचे प्लंबर 'दहाला येतो' म्हणत, पण कुठल्या दहाला ते कधीच सांगत नसत.

खरी पंचाईत हवेची. पाणी उभ्या पाइपातून धपकन उतरताना मागून हवा ओढतं. ती मिळाली नाही, तर वाटेतल्या ट्रॅपमधलंच पाणी शोषून नेतं. मग वासाला घर मोकळं. म्हणून तो पाइप गच्चीच्याही वर नेऊन उघडा सोडतात.

"म्हणजे त्या वरच्या पाइपात पाणी नसतंच?" बायकोने विचारलं.

"नाही. नुसती हवा."

"आणि तो पाइपही विकत आणायचा?"

सुदैवाने इमारतीचा पाइप वरपर्यंत होताच. प्लंबरनी जोडणी केली, पाणी सुर्रकन गेलं, घरात पेढे वाटायचेच तेवढे राहिले.

पण वरच्या मजल्यावर कुणी बादली ओतली की आमचं बेसिन गुडगुडायला लागलं. पाठोपाठ वास. प्लंबरनी ट्रॅप उघडला, तर जवळजवळ कोरडा. त्यांनी माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघितलं. आम्ही गच्चीवर गेलो.

पाइपाच्या तोंडावर तेलाचा रिकामा डबा पालथा घातलेला, डब्यावर वीट. शेजारी सुती लुगड्यावर उडदाचे पापड ओळीने पहुडलेले. राखणीला चेअरमनसाहेबांच्या मातोश्री, हातात काठी.

"आजी, हा डबा काढायला हवा."

"अरे, वास मारतो तो पाइप. माझे पापड इथे वाळतात."

"पण आजी, तो सगळा वास आता आमच्या घरात येतो."

आजींनी काठी बाजूला ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमच्याकडे कुठे पापड वाळत घातलेत?"