जेफरसन आणि अमेरिकेची राज्यघटना: खुलासा

‘४ जुलै १७७६ रोजी थॉमस जेफरसन यांनी अमेरिकेची राज्यघटना लिहिली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्या दिवशी मंजूर झाला तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्याचा मसुदा मुख्यतः जेफरसन यांचा. राज्यघटना ११ वर्षांनंतरची. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ती घडत होती, तेव्हा जेफरसन अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसला होते. १७ सप्टेंबरला ३९ प्रतिनिधींनी तिच्यावर सह्या केल्या.

मधली वर्षं विसरली की घटनेचं कारणच कळत नाही. राज्यांनी आपसांत केलेल्या आधीच्या करारात (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) केंद्राला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. आयातीवर ५ टक्के जकात लावायचा प्रस्ताव आला, तर एकट्या ऱ्होड आयलंड राज्याच्या नकारामुळे तो १७८२ मध्ये बारगळला, कारण दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. सैनिकांचे पगार थकले होते. म्हणून नव्या घटनेने केंद्राला बळ दिलं, पण ते काँग्रेस (म्हणजे तिथली संसद), अध्यक्ष आणि न्यायालयं यांत वाटून, एकमेकांवर वचक ठेवून. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आणखी एक: भाषणस्वातंत्र्याची हमी मूळ घटनेत नव्हती. ती पहिल्या दहा दुरुस्त्यांसोबत डिसेंबर १७९१ मध्ये आली. मजकूर पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.