टीव्ही भारतात 1982 साली आला नाही

‘भारतात टीव्ही 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी आला, त्याआधी खेड्यांनी तो पाहिलाच नव्हता आणि 1990 पासून दूरदर्शन स्वायत्त आहे’, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. यातील एकही विधान टिकत नाही.

पहिले विधान तारखांपुढेच बाद होते. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झाले, 1965 पासून ते रोज होऊ लागले आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. 15 ऑगस्ट 1982 पासून आले ते रंगीत प्रक्षेपण आणि देशभरासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम. आपल्या घरी संच आला ते साल देशात टीव्ही आल्याचे साल म्हणून लक्षात राहते, एवढाच हा घोटाळा असावा.

खेड्यांविषयीचे विधान मात्र अधिक खटकते, कारण या माध्यमाचा भारतातील सर्वांत धाडसी प्रयोग खेड्यांतच झाला होता. दिल्लीच्या आसपासच्या गावांसाठी ‘कृषी दर्शन’ 1967 सालीच सुरू झाले होते. पुढे 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वापरून, इस्रोच्या पुढाकाराने, 6 राज्यांतील सुमारे 2,400 गावांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखवले गेले; सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी शेती, आरोग्य व कुटुंबनियोजन यांवर. गावातल्या संचाला जोडलेली जाळीची मोठी तबकडी थेट उपग्रहाकडून संकेत घेत असे, त्यामुळे जवळपास प्रक्षेपण केंद्र असण्याची गरज उरली नव्हती. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग वर्षभरच चालला, कारण उपग्रह उसना होता, आणि तो परत गेल्यावर अनेक गावांतले पडदे बंद पडले, हेही नोंदवले पाहिजे. त्या 6 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे ही आठवण पुसट असण्याचे ते एक कारण असू शकेल.

राहिला स्वायत्ततेचा मुद्दा. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तरी ते माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच अखत्यारीत राहिले. दूरदर्शन व आकाशवाणी ‘प्रसार भारती’ या स्वायत्त महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा 1990 साली संमत झाला हे खरे, पण तो अमलात आला 1997 साली. मधली सात वर्षे दूरदर्शन पूर्वीप्रमाणेच मंत्रालयाच्या हाताखाली चालत होते, आणि नंतरही महामंडळाचा मोठा खर्च सरकारी अनुदानातूनच भागत आला आहे.