‘छडीनं सरळ होते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

विदर्भातल्या गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय. पामेरियनसारखं लहान कुत्रं आल्यागेल्याच्या अंगावर धावत असेल तर त्याला फाटकाशी साखळीनं बांधा, गुरगुरलं की नाकावर छडी द्या, आठ दिवसांत सरळ येते. चावलंच तर एवढ्याशा दातानं काय होते, तिखट भरा. यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच.

रेबीज कुत्र्याची उंची पाहत नाही. रक्त न निघालेल्या ओरखड्यालाही लस लागते. जखमेत तिखट, चुना, हळद काहीही भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. दात रुतून रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. लहान पोट्ट्यांना तर कुत्र्यानं ओरखडलं तरी घरी सांगायची भीती वाटते. त्यांना रागावू नका.

आता छडी. अंगावर येणारं लहान कुत्रं बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. नीट पाहा: भुंकता भुंकता ते मागे सरकतं, कान मागे पडलेले, शेपूट खाली, डोळ्यांची पांढरी कड दिसते. गुरगुरून ते ‘जवळ येऊ नका’ एवढंच सांगत असतं. त्यावर मार बसला की भीती तशीच राहते, गुरगुरणं तेवढं बंद होतं. मग ते न सांगता चावतं, आणि लोक म्हणतात, अचानक चावलं.

फाटकाशी बांधणं त्याहून वाईट. पोस्टमन येतो, कुत्रं भुंकतं, पोस्टमन पत्र देऊन जातो. कुत्र्याच्या हिशेबी आपणच पोस्टमनला हाकललं! रोज हाच अनुभव आला की भुंकणं वाढणारच. त्यात साखळीमुळे पळायची वाट बंद, म्हणजे धावून जाणं एवढंच हाती उरतं. कुत्र्याला कायम साखळीत ठेवून अजिबात न फिरवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे.

मग करायचं काय? फाटकाला खालून तट्टा किंवा हिरवी नेट लावा, रस्ता दिसायचा बंद होईल. कुत्र्याची जागा घरामागच्या सांदवाडीत, सावलीत करा. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांची ये-जा वाढते, तेव्हा तर हे कराच. शिकवायला मात्र अंतर लागतं. माणूस दिसतो पण कुत्रं अजून भुंकत नाही, इतक्या लांब त्याला घेऊन उभे राहा. माणूस दिसला की उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे द्या, दिसेनासा झाला की थांबा. माणूस पाहून ते स्वतःच तुमच्याकडे वळू लागलं की पाऊलभर पुढे सरका. भुंकलं तर अंतर कमी पडलं असं समजून मागे या. याला काही आठवडे लागतात. घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळली नाही तर त्याहून जास्त.

आणि शांत कुत्रं एकाएकी चिडकं झालं असेल, तर शिकवण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन कान आणि दात तपासून घ्या, दाट केसांत गोचीड लपलेत का तेही पाहा. दुखऱ्या कुत्र्याला अंड्याचे तुकडे देऊन उपयोग नाही.