हाथरसवरून आलेले भातखंडे

माझी मुलगी इथे जर्मनीतल्या संगीतशाळेत चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं पण मोठं वाद्य, शिकते. गेल्या हिवाळ्यात तिच्या बाईंनी मला सहज विचारलं, "तुमच्याकडचं संगीत लिहून ठेवलेलं असतं, की सगळं तोंडीच?" प्रश्नात खोच नव्हती, कुतूहलच होतं. मी जरा फुशारूनच सांगितलं, असतं की! पुढच्या आठवड्यात भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा पहिला भाग पिशवीत घालून घेऊन गेलो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराच्या खाली टिंब, तारसप्तकातल्या स्वराच्या वर टिंब. एका मात्रेत जास्त स्वर आले की खाली चंद्रकोर. बाईंना पाच मिनिटांत उमगलं. दहाव्या मिनिटाला त्या यमन रागाची सरगम चेलोवर वाजवत होत्या, थोडी ताठ, पण स्वच्छ.

मग त्यांनी पुस्तक उलटून पाहिलं आणि विचारलं, "ही तुमची भाषा ना?"

मी हो म्हणता म्हणता थांबलो. पुस्तक हिंदी होतं. उत्तर प्रदेशात, हाथरसला छापलेलं.

विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरचे. जन्म १८६०, पेशा वकिलीचा. तो बाजूला ठेवून हा माणूस देशभर हिंडला. उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळले, आणि ग्रंथात लिहिलेलं एक नि गवय्ये गातात ते दुसरं हे पाहून चालू गाण्याला धरून नवी मांडणी केली. सूत्ररूप ग्रंथ त्यांनी संस्कृतात रचला. पण त्याचा सगळा ऊहापोह, चार जाडजूड भाग, १९१० ते १९३२ या काळात मराठीत लिहिला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'. आणि लिहिला कसा, तर गुरुशिष्यांच्या संवादात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, मध्येच आपल्या प्रवासातला किस्सा सांगतो, कुणा खाँसाहेबांची थट्टा करतो. ही थट्टा कधीकधी बोचरी आहे. मुसलमान घराणेदार गायकांविषयीची त्यांची अढी आज वाचताना खटकते, खटकायलाच हवी. तरी संगीतशास्त्र इतक्या गप्पांच्या सुरात सांगणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

आज बहुतेक विद्यार्थी ते हिंदीत वाचतात. हाथरसच्या संगीत कार्यालयाने अनुवाद करून घेतला आणि छापत राहिले. ही संस्था काढली काका हाथरसींनी, १९३२ साली. हो, तेच हास्यकवी.

आता हे सगळं मला का आठवत राहिलं, ते सांगतो. माझा थोरला भाऊ सासवडला असतो. शाळामास्तर होता, आता निवृत्त आहे, आणि निवृत्तीनंतर मराठीचा लढा त्याने मनावर घेतलाय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा त्याने मला पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो पाठवला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, तेव्हापासून त्याचे रोज दहा संदेश. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला, ५ जुलैला वरळीला दोघे ठाकरे एका मंचावर आले, त्या दिवशी तर थेट प्रक्षेपणाची लिंक आणि खाली, "तिकडे बसून टाळ्या तरी वाजवा."

वाजवल्या. पहिलीतल्या पोराच्या बोकांडी तिसरी भाषा बसवू नये, हे मलाही पटतं. पण त्याच आठवड्यात मी दादाला विचारलं, की बाबा, मला भातखंड्यांचे मराठी भाग हवेत, मूळचे, कुठे मिळतील? त्याने पुण्यात चार दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "हिंदीत आहे, चालेल का?"

मी हसलो, दादा चिडला. त्याच्या मते हेच ते आक्रमण. माझ्या मते अजिबात नाही. हिंदीने भातखंडे आपल्याकडून हिसकावून नेले नाहीत. उत्तर प्रदेशातल्या एका गावातल्या माणसाला ती पुस्तकं लागत होती, त्याने ती करून घेतली आणि संपली की पुन्हा छापली. आपल्याला लागत नव्हती, म्हणून आपण छापली नाहीत. इतकंच घडलं.

जर्मनीत राहून मला चौदा वर्षं झाली. इथल्या पुस्तकाच्या दुकानात शिरलं की कथा-कादंबऱ्यांपलीकडे तीन वेगळे विभाग दिसतात. फाखबूख म्हणजे त्या विषयातल्या माणसाचं पुस्तक. झाखबूख म्हणजे तोच विषय सामान्य वाचकाला उलगडून सांगणारं. आणि राटगेबर, शब्दशः सल्लागार: सफरचंदाची छाटणी कधी करावी, भाडेकराराची नोटीस कशी लिहावी, म्हाताऱ्या आईची काळजी कशी घ्यावी. या तिन्ही कपाटांना सारखाच मान आहे. आपल्याकडे वाचनालयाच्या यादीत कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन झालं की उरलेलं बरंचसं 'संकीर्ण' किंवा 'वैचारिक'. तमाशावरचा प्रबंध आणि गांडूळखताची पुस्तिका एकाच फळीवर शेजारीशेजारी मी स्वतः पाहिली आहेत. मला तो शेजार आवडतोही, पण शोधणाऱ्याचे हाल होतात.

इथे एक मालिका आहे, बेक वीसन नावाची, १९९५ पासून चालू. साधारण १२८ पानं, एक विषय, लिहिणारा त्या विषयातला नावाजलेला प्राध्यापक. रोमन कायदा, बाखचं संगीत, भटक्या जमाती, काहीही. गंमत म्हणजे मोठमोठे विद्वान ते लिहितात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. त्याहून जुनी रेक्लाम प्रकाशनाची पिवळी पुस्तकं. मालिका १८६७ ची, पिवळा रंग १९७० पासून. खिशात मावतात, शाळकरी पोरांना परवडतात. पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली आहे, २००२ चा कायदा. कोपऱ्यावरच्या दुकानात आणि अॅमेझॉनवर नवं पुस्तक एकाच भावाने मिळतं, त्यामुळे कोपऱ्यावरचं दुकान टिकून आहे. आपल्याकडे ग्रंथप्रदर्शनात 'कोणतंही पुस्तक शंभर रुपये'ची पाटी लागते, आपण पिशव्या भरतो (मीही भरतो, सुट्टीत आलो की पहिलं काम तेच), आणि मग संशोधनावरची पाचशेची आवृत्ती दहा वर्षं का पडून राहते याचं आश्चर्य करतो.

पण इथलं सगळं सोनं आहे असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. इथल्या विद्वानांचं गद्य अनेकदा भयंकर असतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी, आणि वाक्याचा शेवट पुढच्या पानावर. भातखंड्यांच्या गुरुशिष्यांना कुणी इथे पाठवायला हवं होतं. शिवाय नेटकी छपाई, मागे सूची, विद्यापीठाचा शिक्का, एवढ्याने पुस्तक शहाणं होत नाही, हे या देशाइतकं दुसऱ्या कुणी महागात शिकलेलं नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला आल्या त्या ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडीला. फिशर म्हणजे वंशशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव. त्यांनी सहलेखनात केलेलं आनुवंशिकतेचं पाठ्यपुस्तक तेव्हा प्रमाण मानलं जाई. पुढे नाझींच्या काळात त्याच विचाराने काय केलं ते जगाला माहीत आहे. इरावतीबाईंना कवट्या मोजायचं काम मिळालं, कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का ते पाहायला. मोजून त्यांनी सांगितलं, तसा संबंध दिसत नाही. गुरूला हवं होतं त्याच्या उलट उत्तर, तेही परक्या देशात, त्याच्याच संस्थेत बसून. आणि परत येऊन या बाईंनी 'मराठी लोकांची संस्कृती' मराठीत लिहिलं, १९५१ साली. इंग्रजीत लिहीत होत्याच की. तरी लिहिलं.

या गोष्टीने मला धीर येतो, तसंच दुसऱ्या एका गोष्टीने खजीलही वाटतं. वीरचा म्हसकोबा आमचं कुलदैवत. लहानपणी दर यात्रेला गेलोय, गुलाल घेऊन आलोय, डोकं टेकवलंय. पण म्हसकोबा आला कुठून, धनगरांचा आणि त्याचा संबंध काय, बिरोबा त्याचा कोण, हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते वयाच्या चाळिशीत, जर्मन भाषेतून. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत ग्युंटर सोन्थायमर नावाचे प्राध्यापक होते. पुण्यात राहून मराठी शिकलेले, धनगरांच्या वाड्यांवर हिंडलेले, त्यांच्या ओव्या टेप करून घेतलेले. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आला, इंग्रजीत १९८९ मध्ये. मी तो माझ्या गावच्या वाचनालयातून मागवला. पुस्तक तिथे नव्हतं, दुसऱ्या ग्रंथालयातून आलं. या आंतरग्रंथालय सोयीला दीड युरो पडला. दीड युरोत मला माझं कुलदैवत मिळालं म्हणा ना.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, आपल्याकडे ढेरे आहेत." बरोबर आहे. रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ चं, आणि ते याच तोलाचं. त्याआधी, १९१५ साली, त्रिं. ना. आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुत्यांपर्यंत आणि भटक्यांपर्यंत गाव उलगडून दाखवला. समाजशास्त्र हा शब्दही तेव्हा आपल्या अंगवळणी पडला नव्हता. पुस्तकं आहेतच. आपण काहीच लिहिलं नाही ही रडकथा मला मान्य नाही. वाईला बसून विश्वकोश झाला, पहिला खंड १९७६ चा, विसावा पुरा झाला २०१५ मध्ये, आणि आज तो इथे मानहाइममधूनही फुकट वाचता येतो. २०२५ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर होत्या, आयुष्यभर लोकसाहित्य आणि लोकरंगभूमीचं काम केलेल्या. त्यांचं भाषण दादाने मला तीनदा पाठवलं. त्यांची पुस्तकं त्याच्या कपाटात किती आहेत, असं विचारलं तर दोन दिवस उत्तर नाही.

दुखणं लिहिण्याच्या पुढचं आहे. लिहिलेलं हाताशी राहत नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं ११ हजारांहून जास्त आहेत. जर्मनीतल्या कुणाला हा आकडा सांगा, तोंडात बोट घालेल. पण त्यातली कितीतरी ड, म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गातली, एका खोलीची. सरकारकडून चालवण्याच्या खर्चासाठी परिरक्षण अनुदान येतं ते उशिरा, त्यातून ग्रंथपालाचा तुटपुंजा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, आणि उरलं तर पुस्तकं. एका गावात असलेलं पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचकाला मागवता येईल, अशी साधी सोय नाही. हजारो कपाटं आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं कुलूप आहे. अभिजात दर्जाच्या निमित्ताने पैसे येणार असतील तर माझी मागणी एकच आहे. भवन नको, अध्यासन नंतर बघू, आधी या कपाटांची एक सामाईक यादी करा आणि एसटीने पुस्तक पाठवा. एसटी तर त्या गावांना जातेच.

यावर घरच्या ग्रुपवर काय उत्तर आलं तेही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. चुलतभाऊ म्हणाला, ज्याला ज्ञान हवंय तो इंग्रजीत वाचेल, उगाच भावनिक होऊ नकोस. त्याला मी म्हसकोबाचंच उदाहरण दिलं. मी वाचलं इंग्रजीपलीकडच्या भाषेत, मान्य, पण माझ्या आईला ते कोण वाचून दाखवणार? दादा म्हणाला, आधी शाळा, मग पुस्तकं. वाचणारी पोरंच उरली नाहीत तर कपाटं कुणासाठी? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. आणि पुतणीने जे लिहिलं ते सगळ्यांत झोंबलं. "काका, तुमची मुलगी मराठी वाचते का?"

वाचते. अडखळत. मराठी मंडळाच्या शनिवारच्या वर्गात बाराखडी झाली, धडे झाले, पुढे काय द्यायचं ते मला कळत नाही. गोष्टी तिला पोरकट वाटतात, कादंबरी झेपत नाही. तिला चेलो कळतो. म्हणून मला भातखंड्यांचा मराठी संवाद हवा होता, प्रश्न आणि उत्तर, छोटी वाक्यं, आणि विषय तिच्या आवडीचा. शंभर वर्षांपूर्वीची मराठी आहे, अवघड जाईल, ठाऊक आहे. पण जे हवं त्यासाठी माणूस अवघडही वाचतो. रोमन कायदा कुणाला सोपा जातो?

शेवटी दादालाच सापडला तो भाग. दुकानात नाही, एका तालुक्याच्या जुन्या वाचनालयात, बंद कपाटात, कापडी बांधणीचा. आत शिक्का : घरी नेण्यास मनाई. ग्रंथपाल भला माणूस, त्याने खुर्ची दिली, पंखा लावला. दादाने बसून मोबाइलवर चाळीस पानांचे फोटो काढले आणि एकेक करून पाठवले, उलटसुलट क्रमाने. मुलीने आणि मी ते लॅपटॉपवर लावले. शिष्य विचारतोय, गुरू समजावतोय, यमनावरून कल्याण थाटाची, म्हणजे त्याच्या रागकुळाची, चर्चा सुरू होतेय, आणि नेमक्या मधल्या चार ओळींवर दादाचा अंगठा.

मी त्याला ते पान पुन्हा काढायला सांगितलंय. म्हणाला, "आता सोमवारी उघडेल. आणि त्या शिक्षिकाबाईंना सांग, भाषा आमचीच आहे."