अर्धपोटी बॅटरी

कुंपणाची झुडपं कापणं हे तसं काम नाहीच. बॅटरीवरचा ट्रिमर दोन्ही हातांत धरायचा, बटणं दाबायची आणि ऐटीत कुंपणाच्या कडेकडेने चालायचं. लोक तेवढंच बघतात. खरी हमाली सुरू होते ती त्यानंतर, आणि ती बघायला कोणी थांबत नाही.

पहिला नियम: आधी बॅटरी काढायची, मगच पात्याला हात लावायचा. हा नियम मी घरात इतक्यांदा बजावलाय की आता मी साधी कात्री उचलली तरी आतून आवाज येतो, "बॅटरी काढलीत ना?"

बॅटरी काढली तरी हातमोजे हवेतच. धारेला बॅटरीची गरज नसते. पात्यांवर झाडांचा चीक वाळून असा काही बसलेला असतो, की झाडाने सूडच उगवलाय असं वाटावं. पाइपने धुवावं म्हटलं तर आत मोटर, त्यामुळे पाणी मारायचं नाही. मग ब्रशने दातांमधला पाला काढा, चीक विरघळवणारं द्रावण लावा, फडक्याने पुसा, कोरडं करा. पात्यांच्या लांबीभर तेलाचे थेंब सोडा. ते सगळीकडे पसरावं म्हणून बॅटरी पुन्हा बसवून यंत्र काही सेकंद चालवा. आणि बॅटरी पुन्हा काढा! शेवटी पात्याला म्यान चढवा. या सगळ्यात फरशीवर पडलेल्या तेलाच्या ठिपक्यांबद्दल माहितीपुस्तिका गप्प आहे. घरातले नाहीत.

पण पात्याचे लाड बॅटरीच्या मानाने काहीच नाहीत. लिथियम-आयन बॅटरी घडवणाऱ्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांतले जॉन गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतका धीर असलेल्या माणसाचा जिला हात लागला, तिला घाई कशी खपेल? कापून झाल्यावर ती तापलेली असते. लगेच चार्जरवर लावायची नाही, आधी निवू द्यायची. कडाक्याच्या थंडीत चार्ज करायची नाही, उन्हात ठेवायची नाही. आणि महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर पूर्ण भरलेलीही नको, रिकामीही नको. साधारण ४० ते ६० टक्के. म्हणजे अर्धपोटी.

बरं, ठेवायची कुठे? जागा थंड, कोरडी आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी हवी. यंत्र वेगळं, बॅटरी वेगळी. शिवाय बॅटरीजवळ खिळे, किल्ल्या, सुटी नाणी नकोत. तिच्या टोकांना धातू चिकटला तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. आमच्या घरातल्या ज्या एकमेव खणाला कुलूप आहे, त्यात खिळे, किल्ल्या आणि सुटी नाणीच आहेत. अखेर बराच वाद होऊन कपाटाचा वरचा कप्पा बॅटरीला मिळाला. चार्जर कुठे गेला ते पुढच्या हंगामात कळेल.

बॅटरीवर चार दिवे आहेत. मी मोठ्या हिशेबाने दोन दिव्यांवर आणून ती कप्प्यात ठेवली होती. पुढे सहज बघायला गेलो, तर चारही दिवे लखलखीत.

"अर्धीच होती हो," बायको म्हणाली. "तुम्ही विसरला असाल म्हणून मी चार्ज करून ठेवली."

इतक्या प्रेमाने केलेल्या कामावर काय बोलणार? चार्जर सापडल्याचाच आनंद मानला. पण आता दोन दिवे उतरवायचे कसे? कुंपण आधीच बोडकं झालेलं. शेवटी ट्रिमर घेऊन अंगणात उभा राहिलो आणि हवेतच चालवायला लागलो. काही कापायला नसलं की ही बॅटरी उतरायचं नाव घेत नाही. त्यात सुरक्षेसाठी दोन्ही हातांची बटणं एकदमच दाबून ठेवावी लागतात, त्यामुळे नाक खाजवायचीही सोय नाही.

शेजारचा मुलगा बराच वेळ कुंपणापलीकडून बघत होता.

"काका, काय कापताय?"

"चार्जिंग."