'वॉक हार्ड'ने चरित्रपट संपवला म्हणे!

गायकाचा नवा चरित्रपट आला की हे हमखास फिरतं : "२००७च्या 'वॉक हार्ड : द ड्यूई कॉक्स स्टोरी' या काल्पनिक गायकाच्या विडंबनपटाने जॉनी कॅशवरच्या 'वॉक द लाइन'ची अशी टर उडवली, की हा प्रकारच संपला. गाणी काय, नुसती चेष्टा." तिन्ही विधानं लंगडी आहेत.

प्रकार संपला? जेक कॅस्डनच्या या सिनेमावर सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्च झाले, जगभरातून जेमतेम दोन कोटी आले. थिएटरात पडलेला सिनेमा कुणाला काय संपवणार! त्यात कार्यक्रमाआधी ड्यूई भिंतीला टेकून उभा असतो आणि ड्रमर सांगतो, गाण्याआधी त्याला अख्खं आयुष्य आठवावं लागतं. ११ वर्षांनी 'क्वीन' बँडच्या फ्रेडी मर्क्युरीवरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सुरू कसा होतो? १९८५चा लाइव्ह एड हा मदतनिधीचा जलसा, मंचाकडे निघालेला नायक, तिथून थेट १९७०. कमाई ९० कोटी डॉलरच्या वर, ऑस्कर ४, आणि त्यातलं एक चक्क संकलनाचं. साचा मोडणारे होते, पण तेही 'वॉक हार्ड'मुळे नव्हे : ६ कलाकारांत बॉब डिलन वाटून देणारा 'आय एम नॉट देअर' महिनाभर आधीच लागला होता.

फक्त 'वॉक द लाइन'ची टर? जॉनी कॅशचा भाऊ करवतीने गेला, गायक रे चार्ल्सचा टबात बुडून. 'वॉक द लाइन' आणि 'रे' या दोघांवरच्या चरित्रपटांत नायकाच्या सगळ्या वागण्याची किल्ली त्या मृत्यूत. ड्यूई भावाचे कोयत्याने दोन तुकडे करतो आणि बाप जन्मभर घोकतो, "भलतंच पोर मेलं." रेची दृष्टी गेली, ड्यूईचा वास घ्यायचा गुण जातो. पुढे डिलनची नक्कल येते, महर्षींच्या आश्रमातले बीटल्स येतात. शिवाय १४ वर्षांचा ड्यूई चाळिशी उलटलेल्या जॉन सी. रायलीनेच केलाय. नेम एका सिनेमावर नाही, पटकथेच्या सवयींवर आहे.

गाण्यांचं विधान तर सगळ्यात कच्चं. रायली स्वतः गायलाय. 'लेट्स ड्युएट' या युगुलगीतात चावटपणा ओळ तुटते तिथे बसवलाय. पुढचा शब्द येईपर्यंतची जागा चुकली तर विनोद जातो आणि नुसती अश्लीलता उरते. शीर्षकगीत गायक-गीतकार मार्शल क्रेनशॉचं, विनोद काढून टाकला तरी उभं राहणारं. आणि 'ब्लॅक शीप'मध्ये 'बीच बॉइज'च्या ब्रायन विल्सनच्या 'स्माइल' या अल्बमच्या लांबत गेलेल्या ध्वनिमुद्रणांची थट्टा आहे. ते लिहिलं व्हॅन डाइक पार्क्सने. 'स्माइल'साठी विल्सनला शब्द देणारा गीतकार तोच.